कप्तानाने आणलेला माणूस

भास्कर,

तुझ्या शोकसभेत तुझ्याबद्दल बरेच खोटे बोलले गेले, आणि मी ते मुकाट्याने ऐकून घेतले. तू सदैव हसतमुख होतास, असे एकाने सांगितले. तीस वर्षांच्या ओळखीत मी तुला दिवसातून फार तर एकदा हसताना पाहिले, तेही बहुधा मला. दुसऱ्याने सांगितले की तुझ्या तोंडून कधी कोणाविषयी वाकडा शब्द निघाला नाही. त्या वेळी हॉलमधले निम्मे लोक खाली मान घालून बसले होते. शेवटी आपल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी सुहास उठला आणि म्हणाला, "डॉक्टरकाकांना हिस्टरीची हॉबी होती." मग दोन मिनिटे स्तब्धता, मग चहा आणि बटाटेवडे.

हॉबी म्हणजे पोस्टाची तिकिटे जमवणे. तू बारा वर्षे एका माणसाचे आयुष्य लिहीत होतास. एलिझाबेथकालीन नाविक, उत्तरेकडून चीनला जायचा मार्ग शोधत तीन वेळा बर्फात जहाज घालणारा. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. त्याच्या नावाचे दगड या देशात पुरेसे आहेत. आपण दोघे त्याला कप्तान म्हणत होतो, तेवढे पुरे.

माझा राग सुहासवर नाही. तू त्याला कळावास अशी अपेक्षाच नव्हती. राग तुझ्यावर आहे. तीन आठवडे तुझा डावा हात जड वाटत होता, असे नीला सांगते. तुझीच मुलगी, ती वाढवून सांगणार नाही. "असं काही वाटलं तर त्याच दिवशी यायचं, सोमवारची वाट पाहायची नाही," असे म्हाताऱ्या इंग्रजांना दटावण्यात तुझी पंचवीस वर्षे गेली. स्वतःवर वेळ आली तेव्हा तू काय केलेस? शनिवारी जुन्या कागदपत्रांचे रेकॉर्ड ऑफिस उघडे असते म्हणून शुक्रवारची तपासणी पुढे ढकललीस. मी तुला आजवर पुष्कळ गोष्टी माफ केल्या. ही त्यांत नाही.

तू या देशात हृदयाचा डॉक्टर व्हायला आला होतास. तीन मुलाखती झाल्या. तिसरीत तुला सांगण्यात आले की लेस्टरला वृद्धांच्या विभागात एक जागा आहे, आणि तुमचे लोक म्हाताऱ्यांशी फार मायेने वागतात. हे बोलणाऱ्याला आपण तुझी स्तुती करतो आहोत असे वाटत होते. तू ती जागा घेतलीस. मला हाडांचा विभाग मिळाला, तो काही माझ्या हुशारीवर नव्हे. निवडलेला उमेदवार ऐन वेळी ऑस्ट्रेलियाला निघून गेला. हे तू मला दर वर्षी न चुकता ऐकवायचास. "सुतारा, तुझं नशीब ऑस्ट्रेलियात गेलेल्या माणसानं लिहिलंय!" हाडांचा डॉक्टर म्हणून तू मला सुतार म्हणायचास. मी त्या नावाला कधी ओ दिली नाही. चाळिशीत त्याचा राग यायचा. आता सत्तरीत तशी हाक मारणारे कोणी नाही.

तुझ्या वॉर्डात डेव्हनचा एक निवृत्त शाळामास्तर होता. पायांवर सूज, डोके शाबूत. त्याने उशाखालचे एक पुस्तक काढून तुझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "वाचा, डॉक्टर. तुमच्याकडे अशी माणसं झाली नसतील." तू ते चिडून घेतलेस आणि दोन दिवसांत संपवून मला फोन केलास.

"सुतारा, हा माणूस मला ओळखीचा वाटतोय."

"चारशे वर्षांपूर्वीचा?"

"ऐक तर. घराणं नाही, वशिला नाही. सोन्याच्या सफरी बड्या घरच्या पोरांना. आणि याच्या गळ्यात काय मारलं? बर्फ. कोणालाच नको असलेला समुद्र."

"मग?"

"मग काय, गेला ना. एकदा नाही, तीनदा गेला."

त्या दिवसापासून तुझा प्रत्येक शनिवार कप्तानाचा झाला.

आपला अंक हस्तलिखित. देवनागरी टाइपरायटर येथे मिळत नव्हता, म्हणून मंडळाच्या वार्षिकाचे पान न् पान माझ्या हाताने लिहायचे आणि मग त्याच्या फोटोकॉप्या काढायच्या, हा पायंडा पहिल्या वर्षापासून पडला. तुझे अक्षर केमिस्टच काय, तुलाही दुसऱ्या दिवशी लागत नसे. त्यामुळे तू वॉर्डातल्या जुन्या तापाच्या तक्त्यांच्या पाठीवर प्रकरण लिहायचास आणि लेस्टरहून स्टॅनमोरला माझ्या घरी पोस्टाने पाठवायचास. मी लाल शाईने दुरुस्त्या करून, सुवाच्य प्रत काढून परत पाठवायचो. एका प्रतीत कागदाच्या पाठीवर वादळ आणि पुढच्या बाजूला कोणा वृद्धेचा एकशे दोन ताप, असे आपले वाङ्मय होते. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तू कप्तानाचा बर्फ आणि स्वतःचा वॉर्ड यांची तुलना केली होतीस. मी ती आडवी छेदली आणि शेजारी लिहिले: लेखकाने जहाजावर चढू नये. तू आठवडाभर बोलला नाहीस. पुस्तकात मात्र तू त्यानंतर कधी चढला नाहीस.

माझी पत्नी गेली त्या वर्षी तू महिन्या-दोन महिन्यांनी पाने पाठवण्याऐवजी दर आठवड्याला दोन-चार पाने पाठवू लागलास. सांत्वनाचे एक वाक्यही तू लिहिले नाहीस. प्रत्येक पाकिटात एकच चिठ्ठी असे: सोमवारपर्यंत परत हवे. मी रविवारी बसून लिहीत असे. त्या रविवारांबद्दल मी तुला कधी काही म्हणालो नाही. आता म्हणून उपयोग नाही, तरी नोंदवून ठेवतो.

स्पॅनिश आरमाराच्या पराभवाची चारशे वर्षे हा देश साजरी करत होता, त्या उन्हाळ्यात आपण तुझ्या गाडीने डेव्हनला गेलो. गावोगावी पताका होत्या, गळ्यात त्या काळच्या पोशाखासारख्या कागदी झालरी घातलेली शाळकरी पोरे होती. तू लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून चिवड्याचा डबा भरून घेतला होतास आणि वाटेत प्रत्येक बंदरापाशी गाडी थांबवत होतास. कप्तानाच्या गावच्या चर्चमध्ये त्याच्या नावाची शिळा आहे. आपण तिच्यासमोर उभे असताना फुले मांडणाऱ्या एक बाई जवळ आल्या आणि त्यांनी अतिशय सौजन्याने विचारले की आपण दोघे वाट चुकलो आहोत का.

"आम्ही नाही, बाई," तू त्यांना म्हणालास. "चुकले ते हे. चीनला निघाले आणि बर्फात पोचले."

बाई हसल्या. मीही हसलो, हे मी तुला तेव्हा दिसू दिले नाही.

त्याच वर्षी एका इतिहासमंडळाने तुला भाषणाला बोलावले. चाळीस मिनिटे तू बोललास. मी मागच्या रांगेत घड्याळ धरून होतो. एक शब्द निष्काळजी नव्हता. त्यानंतर पहिला प्रश्न आला, की डॉक्टर, तुम्ही इतके छान इंग्रजी कुठे शिकलात? "इथे येताना बोटीवर," तू म्हणालास. "अठरा दिवस होते." कोणी हसले नाही, सर्वांना ते खरे वाटले. अध्यक्षांनी आभार मानताना हा एक मोहक छंद आहे असे म्हटले. सुहासचा तो 'हॉबी' शब्द मी त्या संध्याकाळी प्रथम ऐकला. परतताना मोटरवेवर तू फक्त एवढेच म्हणालास, "अकरावं प्रकरण सोमवारी टाकतो."

बारावे आले नाही. त्याऐवजी, दोन वर्षांपूर्वी, एक पत्र आले.

आपल्या व्यवसायाची येथली एक रीत आहे. एका डॉक्टरने दुसऱ्याकडे रोगी पाठवायचा तर पत्र लिहायचे, आणि त्याची सुरुवात, या गृहस्थांना तपासल्याबद्दल आभार, अशी करायची. रोगी अजून तपासलेला नसला तरी. पत्र ज्याला आले त्याने तपासून आपले मत लेखी कळवायचे. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकही पत्र शुक्रवारच्या पुढे जाऊ दिले नाही. तुझे पत्र त्याच रीतीचे होते. मी ते येथे जसेच्या तसे उतरवतो.

"प्रिय सहकारी, या गृहस्थांना तपासल्याबद्दल आभार. वय तिशीच्या आसपास. नाव कोणी विचारलेले दिसत नाही. त्यांची भाषा येथे कोणालाही येत नाही. कप्तानाने तिसऱ्या सफरीत बर्फाच्या किनाऱ्यावरून आणले. बंदरात लोकांना होडी वल्हवून दाखवत असत. ताप, खोकला, डाव्या कुशीत वेदना. खोकताना कूस हाताने दाबून धरतात. आणल्यानंतर दोन महिन्यांत मृत्यू. पुस्तकांत कारण दिले आहे की इंग्लंडची हवा मानवली नाही. कप्तानाच्या रोजनिशीत लिहिले आहे की एका दांडग्या खलाशाने त्यांना कोणतीही इजा न करता, प्रेमाने मिठीत घेऊन होडीत आणले. मृत्यूनंतर गावच्या वैद्याने छाती उघडली. त्याच्या टिपणातील उतारा जोडला आहे. आपले मत कळवावे."

उतारा तीन ओळींचा होता. डावीकडच्या दोन शेजारच्या बरगड्या मोडलेल्या, एकाच रेषेत, टोके बाहेर वळलेली, सांधलेली नाहीत. आत पू. एका बंदरगावाच्या जुन्या कागदांत तुला तो सापडला होता. कप्तानावर पुस्तके लिहिणाऱ्यांपैकी कोणी तो कागद उलटला नव्हता, कारण त्यात कप्तान नव्हता.

मला पहिल्या वाचनात कळले. मी लाल शाईने लिहिले: रुग्ण उपलब्ध नाही. एक्सरे नाही. मत देता येत नाही. आणि परत पाठवले.

तुझा फोन आला.

"हे काय पाठवलंस?"

"उत्तर."

"हे उत्तर? अरे, म्हातारी पडली की तू नुसतं चालणं बघून सांगायचास, कुठलं हाड आणि कधीचं."

"ती समोर असायची."

"हाही समोर आहे. चारशे वर्षांनी मी आणलाय त्याला समोर. सुतारा, तुला कळलंय. कळलं नसतं तर तू दोन पानं लिहिली असतीस."

मी विषय बदलला. म्हटले, आपणही इथे आलोच. आपल्याला तरी कुठे हवा मानवली? हे मी बोलायला नको होते.

"त्याची आणि आपली बरोबरी करू नकोस," तू म्हणालास. "आपण तिकीट काढून आलो. आवडलं नाही तर परतायची सोय होती. त्याला कोणी विचारलं होतं का? सांग ना, विचारलं होतं?"

तू फोन ठेवलास. त्यानंतर आपण तुझ्या साखरेबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल, नीलाच्या बेसिंगस्टोकच्या नोकरीबद्दल बोललो. पुस्तकाबद्दल नाही. पाकिटे बंद झाली. तू रुसून पुस्तक टाकून दिलेस अशी मी समजूत करून घेतली, आणि त्याचाही तुझ्यावर राग धरला.

मत का दिले नाही ते आता लिहितो. ते दिले असते तर कप्तान खोटा ठरत होता. ज्याच्यासाठी तू शनिवार वेचलेस, ज्याच्या शिळेसमोर तू टोपी काढून उभा राहिलास, तो. तुझ्यापाशी त्याच्याखेरीज फारसे काही उरले नाही असे मला वाटत होते. तुला ते सोसणार नाही, असे मी ठरवले. तुला विचारले नाही. डॉक्टरांचा हा जुना उद्धटपणा आहे. दुसऱ्यांत तो दिसला की मी त्यांच्या तोंडावर सांगत आलो. स्वतःत दिसायला दोन वर्षे आणि एक मृत्यू लागला.

शोकसभेनंतरच्या रविवारी दुपारी नीला खोके घेऊन माझ्याकडे आली.

"काका, बाबाचा पुस्तक. तुम्हाला द्यायला सांगितला होता."

"कधी सांगितले?"

"लास्ट ख्रिसमसला. म्हणाले, मी आधी गेलो तर हा बॉक्स सुतारकाकाला." तिने खोके टेबलावर ठेवले. "काका, मी लहान होते तेव्हा मला खरंच वाटायचं तुमचा सरनेम सुतार आहे. कार्डवर पण तसाच लिहायचे."

"मला आठवते."

"तुम्ही कधी करेक्ट नाही केला." मग म्हणाली, "मला मराठी वाचायला येतो थोडा. पण बाबाचा हँडरायटिंग, नो चान्स. तुम्ही लिहिलात की मी ट्राय करीन. मला बघायचाय, ते सॅटर्डेला कुठे जायचे."

ती गेल्यावर मी खोके उघडले. पुस्तक तू टाकले नव्हतेस. ते पुरे झाले होते. पंधरा प्रकरणे, तापाच्या तक्त्यांच्या पाठीवर, शेवटच्या पानावर कप्तानाचा मृत्यू. कप्तान तुझ्या हातून कोसळला नाही. चौदाव्या प्रकरणात तो वादळात स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन दोन दिवस हुकूम देतो, आणि ते तू अकराव्याइतक्याच प्रेमाने लिहिले आहेस. बाराव्यात त्याची रोजनिशी आणि वैद्याचे टिपण तू समोरासमोर ठेवली आहेस. शूर माणूस खोटेही लिहितो, हे तू पचवून पुढे तीन प्रकरणे गेला होतास. पचत नव्हते ते मला.

बाराव्या प्रकरणात एक अर्धे पान कोरे आहे. वर मथळा: हाडांच्या डॉक्टरांचे मत. खाली तुझ्या त्या अक्षरात, पेन्सिलीने: येईल. घाई करू नये.

मी ते पान बराच वेळ हातात धरून बसलो. एवढेच लिहितो.

दुसऱ्या दिवशी सुहासचा फोन आला. "काका, या वर्षीच्या अंकात डॉक्टरकाकांचं एखादं चॅप्टर टाकू या, ट्रिब्यूट म्हणून. ते वादळाचं घ्या, त्यांनी सांगितलं होतं मला, एकदम थ्रिलिंग आहे."

"बारावे घेणार आहे."

"बारावं म्हणजे ते पकडून आणलेल्या माणसाचं? डॉक्टरकाका मला बोलले होते त्याबद्दल. अहो काका, या वेळी मेयर येणारेत. हॉल कौन्सिलचा आहे. आपण इंग्लिश समरी पण देतो. उगाच त्यांना वाटायचं, की हे लोक इथे राहून..."

"इथे राहून काय?"

"म्हणजे, बरं दिसत नाही हो."

"बरं दिसावं म्हणूनच ते चारशे वर्षं कोणी वाचलं नाही."

"कमिटीत विचारावं लागेल, काका."

"विचारा. अंक मी लिहितो. तुम्ही स्टेपल करता."

मी फोन ठेवला. तू असतास तर हसला असतास; त्या दिवसाचे तुझे एक हसू तेथे खर्ची पडले असते.

आज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून मी बाराव्या प्रकरणाची प्रत काढली. दुरुस्ती एकही केली नाही. मेयरसाठी लागणारी इंग्रजी समरीही मीच लिहीन. अर्ध्या पानापाशी आलो तेव्हा शाई काळीच ठेवली, आणि खालील मजकूर भरला.

"प्रिय सहकारी, आपण पाठवलेल्या गृहस्थांना तपासले. डावीकडच्या दोन शेजारच्या बरगड्या एकाच रेषेत मोडल्या असून टोके बाहेर वळलेली आहेत. माणूस पडला किंवा त्याला फटका बसला तर टोके आत जातात. ती बाहेर वळतात छाती समोरून आणि मागून आवळली गेली तर. इजा पकडण्यापूर्वीची, जुनी असती तर हाड सांधले असते. ही इजा मिठीची आहे. बरगडी मोडलेला माणूस खोल श्वास घेत नाही, पुरता खोकत नाही. कफ आत राहतो, त्याचा पू होतो, आणि पू झालेल्या जागी हाड धरत नाही. दोन महिने पुरेसे आहेत. हवेचा संबंध नाही. रोजनिशीतले 'कोणतीही इजा न करता' हे शब्द असत्य आहेत. हे मत मी निःशंकपणे देत आहे.

उत्तरास दोन वर्षे विलंब झाला. त्या विलंबाने रुग्णाचे काही बिघडले नाही. आपले बिघडले. त्याबद्दल क्षमा असावी.

आपला,
सुतार"